पोचलास की आधी झोप!

पुण्याहून शिकागोला परत निघणाऱ्या माणसाचा शेवटचा दिवस कसा असतो, हे मी तुम्हाला तोंडपाठ सांगू शकतो. सकाळी सातला उठायचं, कारण आत्या भेटायला येणार असते. दुपारी पुरणपोळी. मग बॅगा वजनकाट्यावर चढवायच्या, लोणच्याची बरणी या बॅगेतून त्या बॅगेत, पुन्हा काटा. जरा डुलकी काढावी असं म्हणतो, पण आई समोर बसलेली असते, त्यामुळे तीही नको वाटते. संध्याकाळी सातला देवाला नमस्कार, हातावर दही, आणि एक्सप्रेसवेनं मुंबई. विमान रात्री अडीचला.

पुढचं गणित मी नंतर एकदा कागदावर मांडलं होतं. साधारण नऊ तासांनी युरोपातलं विमानतळ, तिथे चार तास लोखंडी खुर्चीत, पुन्हा साडेनऊ तास विमान. शिकागोच्या टर्मिनल पाचवर उतरतो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात रविवारचे दुपारचे दीड वाजलेले असतात. शरीराच्या घड्याळात मात्र रात्रीचा एक. मग इमिग्रेशनची रांग, बोटांचे ठसे, बॅगांचा पट्टा. बाहेर पडेपर्यंत तीन.

२०१९ च्या जानेवारीत मी असाच उतरलो. बायको आणि आमची सात महिन्यांची लेक अजून महिनाभर पुण्यात राहणार होत्या. जाताना आम्ही तिघं, बाळाची कार सीट आणि सहा बॅगा होत्या म्हणून गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये ठेवली होती. (तीन आठवड्यांच्या पार्किंगचं बिल मी आजतागायत घरी कुणाला सांगितलेलं नाही.) बसनं पार्किंगपर्यंत गेलो, काचेवरचा बर्फ खरवडला आणि चारच्या सुमारास नेपरव्हिलकडे निघालो. रस्ता रोजच्या सवयीचा, तासाभराचासुद्धा नाही. हीटर सुरू, खिडक्या बंद, बाहेर अंधारून आलेलं.

आणि मग एकदम घर्रर्र असा आवाज आला. इथे हायवेच्या कडेला रस्त्यात खाचा मारलेल्या असतात. चाक त्यावरून गेलं की अख्खी गाडी थरथरते. मी डोळे उघडले. म्हणजे त्याआधी ते मिटलेले होते. किती सेकंद, ते मला माहीत नाही. डाव्या बाजूनं एक ट्रक गेला. मी पुढच्या एक्झिटला बाहेर पडलो, एका पेट्रोल पंपावर गाडी लावली आणि स्टिअरिंग धरून बराच वेळ बसून राहिलो. भारतात तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. शनिवारी सकाळी सातपासून, विमानात तुकड्यातुकड्यांत काढलेली चारेक तासांची झोप सोडली, तर मी जागाच होतो.

घरी पोचल्यावर आईला मेसेज केला, "नीट पोचलो."

आपल्यापैकी बहुतेकांकडे असा एखादा "नीट पोचलो" असणार, असं मला वाटतं. आपण तो सांगत नाही, एवढंच.

त्या दिवसापासून मी एका मतावर ठाम आहे. लांबच्या रात्रीच्या प्रवासानंतर परदेशात पोचण्याचा दिवस हा कामाचा दिवस नाही. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, ऑफिसचं काही करायचं नाही, कुणाला जेवायला बोलवायचं नाही. आणि त्यासाठी सुट्टीतला एक दिवस खर्ची घालावा लागला, तर तो घालायचा.

ऐकायला सोपं वाटतं, पण या एका दिवसाची किंमत परदेशात राहणाऱ्यालाच कळते. अमेरिकेत खासगी कंपनीनं भरपगारी रजा दिलीच पाहिजे असा केंद्रीय कायदा नाही. कंपनी देईल ती रजा, आणि ती आपण थेंबाथेंबानं साठवतो. मग वर्षा-दोन वर्षांनी घरी जाताना एकेक दिवस चिमटीत धरून मोजतो. शुक्रवारी ऑफिसमधून थेट विमानतळ, परतताना रविवारी दुपारी उतरायचं, सोमवारी सकाळी नऊला हजर. वाचवलेला प्रत्येक दिवस आई-वडिलांच्या वाट्याचा. हे गणित मीही वर्षानुवर्षं केलं आणि त्याचा मला अभिमानही होता. त्यामागची माया खोटी नाही, म्हणूनच हे गणित मोडणं कठीण जातं.

पण जरा आकडे बघा. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचं भान रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं मंदावतं, आणि २४ तासांनंतर ते ०.१० टक्क्यांच्या पातळीला जातं, असं अमेरिकेतली सार्वजनिक आरोग्य यंत्रणा सांगते. इथल्या बहुतेक राज्यांत गाडी चालवण्याची मर्यादा ०.०८ आहे. भारतात तर ०.०३. म्हणजे जो माणूस एका बिअरनंतर किल्ली दुसऱ्याच्या हातात देतो, तोच माणूस दोन दिवसांच्या जागरणानंतर सत्तर मैलांच्या वेगानं गाडी हाकतो, आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. कॉफीनं भागेल असं आपल्याला वाटतं. कॉफीनं झोप थोडी लांबते, पण फिटत नाही.

आणखी एक गंमत. आपल्याला इथे आणून सोडणाऱ्या वैमानिकाचे कामाचे तास कायद्यानं बांधलेले असतात. अमेरिकेच्या नियमानुसार प्रवासी विमानाच्या वैमानिकाला ड्यूटीवर येण्याआधी सलग १० तासांची विश्रांती मिळावीच लागते, आणि त्यातले ८ तास झोपेसाठी मोकळे असावे लागतात. लांबच्या उड्डाणात तर कॉकपिटमधली माणसं आळीपाळीनं झोपून घेतात. म्हणजे विमान ताज्या माणसानं चालवायचं आणि उतरल्यावर गाडी अर्धमेल्या माणसानं!

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात शुक्रवारी संध्याकाळी नवीन कोड लाइव्ह करायचा नाही, असा अलिखित नियम आहे. माणसं दमलेली असतात, चूक झाली तर निस्तरायला कुणी नसतं. संगणकाच्या बाबतीत आम्ही एवढे सावध, आणि स्वतःच्या जिवाच्या बाबतीत मात्र "होतं रे, काही होत नाही".

आता पिक-अपबद्दल. मी २०१२ च्या ऑगस्टमध्ये एम. एस. करायला पहिल्यांदा आलो, तेव्हा मला न्यायला आमच्या विद्यापीठातला एक सीनिअर दादा आला होता. त्यानं मला आधी कधी पाहिलेलंही नव्हतं. माझी दुसरी बॅग त्यानं माझ्या हातातून ओढूनच घेतली. त्याच्या खोलीवर कुकरमध्ये खिचडी होती. मी बँक खातं, सिम कार्ड, अपार्टमेंटचा करार असं काहीबाही विचारायला लागलो, तर तो म्हणाला, "आधी आंघोळ, मग घरी फोन, मग झोप. बाकी सगळं उद्या." कार्पेटवर चादर टाकून मी चौदा तास झोपलो.

पुढे नोकरी लागली, चार पैसे आले, फोनवर टॅक्सी मागवता यायला लागली, आणि "कशाला कुणाला त्रास द्यायचा" हे वाक्य आपल्या तोंडी बसलं. समोरचा म्हणतो, "अरे, मी येतो ना घ्यायला," आणि आपण म्हणतो, "छे छे, गाडी ठेवलीय पार्किंगला." यात सौजन्य असतं, पण थोडा ताठाही असतो. आपण आता इथे नवखे नाही, हे दाखवण्याचा. झोप मात्र नवख्यालाही येते आणि ग्रीनकार्डवाल्यालाही येते.

हाच हिशेब आई-वडील इकडे येतात तेव्हा अधिक काटेकोर हवा. आणि तिथे मी दुसरी चूक केली. २०२२ च्या जूनमध्ये आई-बाबा आले. मुंबईहून निघून चोवीस तासांच्या आसपास प्रवास झालेला. दुपारी घरी आणलं आणि संध्याकाळी सहाला तीन कुटुंबं जेवायला! मित्रांना भेटायची घाई, मलाही मिरवायची हौस. पाहुणे येईपर्यंत बाबा जेवायचे थांबले, कारण ते तसेच आहेत. मधुमेहाची गोळी मात्र त्यांनी "वेळ झाली" म्हणून घेतली, आणि ती वेळ त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाची, म्हणजे भारतातली होती. साडेसहाला घामाघूम होऊन ते सोफ्यावर कलंडले. साखर उतरली होती. बायकोनं पटकन साखरपाणी दिलं, अर्ध्या तासात सावरले. वर पाहुण्यांनाच म्हणतात कसे, "सॉरी हं, तुमची पार्टी बिघडवली."

म्हणून आई-वडिलांना बोलावणाऱ्यांना माझी विनंती आहे. कोणतं औषध कोणत्या घड्याळानं घ्यायचं, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. व्हीलचेअरची सोय तिकिटाबरोबरच मागा. "मला कशाला, मी रोज पर्वती चढतो" असं बाबा म्हणतील. त्यांचं ऐकू नका. आणि पहिली संध्याकाळ वरण-भात, गरम पाणी आणि अंथरूण, एवढ्यावर संपवा. शरीराचं घड्याळ दिवसाला जेमतेम तासाभरानं सरकतं. साडेदहा तासांचा फरक भरून यायला आठवडा-दीड आठवडा जातो. नायगारा कुठे पळून जात नाही.

भारतातल्या नातेवाइकांनाही दोन शब्द. "अजून एक दिवस राहा ना" हे तुम्ही प्रेमानं म्हणता, आणि आम्हाला तेच ऐकायचं असतं. त्यामुळे ते मोडवत नाही. पण तो एक दिवस कुठून तरी कापलेला असतो, आणि बहुतेक वेळा झोपेतून कापलेला असतो. पोचल्यावर व्हिडिओ कॉलचा आग्रहही नको. "पोचलो" एवढा मेसेज आला, की त्या दिवसापुरतं आम्हाला सोडून द्या.

मला कुणी म्हणेल, आई-वडिलांची वयं झाली, त्यांच्याजवळचा एक दिवस मोठा की तुमची झोप मोठी? या प्रश्नाला माझ्याकडे चोख उत्तर नाही. मी फक्त घडलं ते सांगतो. हायवेवरच्या त्या आवाजाची गोष्ट मी आईला तीन वर्षं सांगितली नव्हती. बाबा कलंडले त्या रात्री, सगळे झोपल्यावर, ओट्यापाशी उभ्या उभ्या सांगून टाकली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू निघालास की तुझा मेसेज येईपर्यंत मी तरी कुठे झोपते? पुढच्या वेळी एक दिवस आधीच नीघ."

यंदाच्या जानेवारीत तसंच केलं. शनिवारऐवजी शुक्रवारी निघालो. आत्याला गुरुवारीच भेटून आलो. शनिवारी दुपारी टर्मिनल पाचच्या दारात मित्र उभा होता. मी मागच्या सीटवर बसलो आणि घर कधी आलं ते कळलं नाही. रविवार अख्खा लोळून काढला. त्या एका दिवसाची चुटपुट अजून आहे, ते नाकारत नाही.

येत्या ऑगस्टमध्ये सांगलीचा एक मुलगा इथे शिकायला येतोय. ओळखीच्यांच्या ओळखीतला. त्याच्या वडिलांचा फोन आला होता, टॅक्सी कुठून मिळते विचारायला. म्हटलं, काका, टॅक्सी नको, मी जातो न्यायला. कुकर लावून ठेवतो. बँक, सिम कार्ड, बाकीचं सगळं दुसऱ्या दिवशी बघू.