हमीचा कागद आणि मोरजीची खारी हवा

चतुर्थी सरून दसरा जवळ आला, की पेडणे तालुक्यात नव्या मोटारींची वर्दळ वाढते. म्हापसा-पर्वरीच्या विक्रीदालनातून निघालेली गाडी झेंडूच्या माळा लेवून मोरजीत येते, श्री मोरजाईच्या चरणी नारळ ठेवला जातो, आणि मग ती कुणाच्या अंगणात, तर कुणाच्या धंद्यात रुजू होते. या मंगल प्रसंगी गाडीच्या किल्लीसोबत आणखी एक कागद खरेदीदाराच्या हाती दिला जाऊ लागला आहे. तो म्हणजे वाढीव हमीचा, ज्याला बाजारात एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणतात. हा कागद घ्यावा की घेऊ नये, आणि घ्यावयाचा तर केव्हा, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. संपादकीय स्तंभात त्याची चर्चा कशासाठी, असेही कुणी विचारील. परंतु ज्या गावात मोटार ही चैन राहिलेली नसून चरितार्थाचे साधन बनली आहे, त्या गावात हा प्रश्न घराघराच्या ताळेबंदाशी जोडलेला आहे.

शापोरा नदीवर पूल नव्हता, तेव्हा शिवोलीहून चोपड्याला येण्यासाठी फेरीबोटीची वाट पाहावी लागे. पूल झाला आणि मोरजी-आश्वे-मांद्रेचा किनारा जगाला जवळ आला. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि विमानाचे उतारूही पेडण्याच्या दारात येऊन ठेपले. शेती आणि मासेमारी यांवर जगलेल्या कुटुंबांतील तरुणांनी कर्ज काढून टॅक्सी घेतली. ज्यांनी घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी राखल्या, त्यांनाही गाडी आवश्यक झाली. अशा घरात गाडी आठ दिवस दुरुस्तीला पडली, तर मिळकत थांबते, हप्ता मात्र थांबत नाही. या भीतीवरच वाढीव हमीची विक्री चालते. भीती अगदीच खोटी आहे असे नाही. मात्र तिच्यावर दिले जाणारे औषध रोगाला लागू पडते काय, हे पाहिल्यावाचून ते विकत घेणे शहाणपणाचे नव्हे.

प्रथम हमी म्हणजे काय, हे स्पष्ट असावयास हवे. गाडी बनविताना साहित्यात किंवा जोडणीत राहिलेला दोष ठरावीक मुदतीत उघड झाला, तर तो कंपनीने स्वखर्चाने दूर करावा, हा मूळ हमीचा अर्थ. ती विमा नव्हे. अपघात, चोरी, पूर यांचे नुकसान विम्याच्या कक्षेत येते. झिजून जाणाऱ्या वस्तूंचा खर्च तर कुणाच्याच कक्षेत येत नाही, तो मालकाचाच. मूळ हमी संपल्यानंतर तशाच प्रकारचे संरक्षण आणखी काही वर्षे पैसे मोजून विकत घेणे, म्हणजे वाढीव हमी. मूळ हमीचा काळ सर्वत्र सारखा नसतो, आणि तो बदलतही असतो. मारुती सुझुकीची मूळ हमी पूर्वी २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर एवढी होती. जुलै २०२४ मध्ये कंपनीने ती ३ वर्षे किंवा १,००,००० किलोमीटर केली. यातून दोन बोध घ्यावेत. एक, मूळ हमी जितकी लांब, तितकी वाढीव हमीची निकड कमी. दुसरा, जी जोखीम ग्राहकाने पैसे देऊन टाळावी असे काल सांगितले जात होते, ती कंपनी मनात आणील तर स्वतः पेलू शकते.

आता वाढीव हमी विकण्याची रीत पाहू. गाडीची किंमत, नोंदणी, विमा, चटया, आच्छादने अशा लांबलचक यादीत ती एक ओळ होऊन येते. लाखोंच्या व्यवहारात काही हजारांची ही ओळ डोळ्यांत भरत नाही. पुष्कळदा ती कर्जातच मिळविली जाते आणि मासिक हप्ता अवघ्या चारशे रुपयांनी वाढेल, असे गोड शब्दांत सांगितले जाते. हिशेब मांडून पाहा. समजा, वाढीव हमीचे २०,००० रुपये ९ टक्के व्याजाच्या ५ वर्षांच्या कर्जात घातले, तर दरमहा सुमारे ४१५ रुपये पडतात आणि अखेरीस सुमारे २४,९०० रुपये भरले जातात. म्हणजे जवळपास पाच हजार रुपये निव्वळ व्याजाचे. आणि हे कशासाठी? तर जे संरक्षण पहिली तीन वर्षे सुरूच होणार नाही, त्याच्यासाठी! तहान लागल्यावर विहीर खणू नये हे खरे, पण तीन वर्षांनी लागणाऱ्या तहानेचे पाणी आज व्याजाने विकत घेणे, हाही व्यवहार नव्हे.

यावर विक्रेत्यांचे उत्तर असे, की नंतर घ्याल तर महाग पडेल. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. बहुतेक कंपन्या मूळ हमी संपेपर्यंत वाढीव हमी विकत देतात आणि गाडीचे वय वाढेल तशी टप्प्याटप्प्याने किंमत वाढवितात. मुदत टळून गेल्यावर मात्र ती सहसा मिळत नाही, किंवा गाडीची तपासणी करूनच मिळते. तेव्हा आज आणि अडीच वर्षांनंतर अशा दोन्ही वेळची किंमत विक्रेत्याकडून लेखी मागावी. दोहोंतील फरक कर्जाच्या व्याजाहून कमी असेल, तर थांबणे हाच शहाणपणा. दरम्यानच्या काळात गाडीचा स्वभाव कळतो, घरची परिस्थिती कळते, आणि गाडी ठेवायची की विकायची याचाही अंदाज येतो. ज्याला चौथ्या वर्षी गाडी बदलावयाची आहे, त्याने पाचव्या वर्षाची हमी कशाला घ्यावी? मात्र जो थांबेल, त्याने मुदतीची तारीख दिनदर्शिकेवर ठळक नोंदवून ठेवावी. विसराळू माणसासाठी थांबण्याचा सल्ला घातक ठरेल.

मोरजीकरांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. येथील गाडीचा पहिला शत्रू कोण? इंजिनातील दोष नव्हे, तर समुद्रावरून अहोरात्र येणारी खारी हवा आणि चार महिन्यांचा धुवांधार पाऊस. दाराच्या कडा, गाडीचा तळ, सायलेन्सर, विजेच्या तारांचे सांधे यांवर या हवेचा घाला पडतो. हमीपत्रातील वगळलेल्या बाबींचे पान उघडा. गंज, रंगाची खराबी, परिसरातील क्षार व आर्द्रता यांमुळे झालेली हानी तेथे बहुधा आढळेल. रबरी भाग, ब्रेकचे पॅड, क्लच प्लेट, वायपर, टायर हेही बाहेरच. उंदरांनी कुरतडलेल्या तारा बाहेर. तुंबलेल्या पाण्यातून गाडी हाकल्याने इंजिनात पाणी गेले, तर हमी हात झटकते. त्यासाठी विम्यातच इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. टेंब येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. मोरजीच्या या किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी असूनही पर्यटक तेथे गाड्या रुतवून बसतात. त्यात जळालेल्या क्लचची भरपाई कोणतीही हमी देणार नाही, आणि देऊही नये. तात्पर्य, येथील सर्वांत संभाव्य दुखण्यावरच हा कागद मौन पाळतो. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या तळाला गंजरोधक लेप आणि वर्षभर पंधरवड्यास गोड्या पाण्याने तळ धुणे, यांवर केलेला खर्च किनाऱ्यावरील गाडीला अधिक तारून नेईल.

मग वाढीव हमी सर्वस्वी निरुपयोगी आहे काय? तसे मुळीच नाही. ज्या गाडीत स्वयंचलित गिअरबॉक्स, टर्बो इंजिन किंवा संमिश्र विद्युत यंत्रणा आहे, तिचा एखादाच मोठा भाग निकामी झाला तरी बिल हमीच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकते. असे बिल ज्याच्या संसाराची घडी विस्कटून टाकील, त्याने हमी घ्यावी. हप्ते फिटेपर्यंत गाडी वापरणारा निवृत्त शिक्षक आणि दोन गाड्या बाळगणारा व्यावसायिक यांचे उत्तर एकच असू शकत नाही. ज्याची गाडी साधी, आजमावलेली आणि वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर फिरणारी आहे, त्याने दरमहा ५०० रुपये बाजूला टाकावेत. तीन वर्षांत १८,००० रुपयांची गंगाजळी उभी राहील. गाडी धडधाकट राहिली, तर ती गंगाजळी घरातच राहते; हमीचे पैसे मात्र परत येत नाहीत.

टॅक्सीवाल्या बांधवांचा हिशेब निराळा आहे, आणि त्यांचीच फसगत होण्याचा संभव अधिक. हमी वर्षे किंवा किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेथे संपते. मोपा आणि दाबोळीच्या फेऱ्या मारणारी गाडी दिवसाला १२५ किलोमीटर आणि वर्षात ३२० दिवस धावली, तर वर्षाचे ४०,००० किलोमीटर होतात. म्हणजे एक लाखाची मर्यादा अडीच वर्षांतच गाठली जाते. कागदावर तीन वर्षे लिहिली आहेत म्हणून निर्धास्त राहिलेला मालक सहा महिने हमीविना धावत असतो आणि वाढीव हमी घेण्याची संधीही गमावून बसतो. त्याने दिनदर्शिकेकडे नव्हे, तर गाडीच्या मीटरकडे पाहिले पाहिजे. शिवाय व्यावसायिक नोंदणीच्या गाडीला कित्येक ठिकाणी वेगळी, आखूड हमी असते. ती आपल्या गाडीस लागू आहे, हे लेखी घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. आणि जे आपली पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पर्यटकांना भाड्याने देतात, त्यांनी ध्यानात ठेवावे, की तो प्रकार बेकायदा तर आहेच, पण मोडतोड झाल्यावर हमी आणि विमा या दोहोंनाही नकाराचे आयते कारण देणारा आहे.

दुसरी अडचण दुरुस्तीची. अधिकृत सेवाकेंद्र गाठण्यासाठी मोरजीकराला नदी ओलांडून दिवस मोडावा लागतो, उलट गावातला मेकॅनिक हाकेच्या अंतरावर असतो. त्याच्या हाताचा स्पर्श झाला की हमी रद्द, असा धाक घातला जातो. या संदर्भात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेला आदेश मननीय आहे. सुट्या भागांची बाजारपेठ अडवून ठेवल्याबद्दल आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. पुढे हे प्रकरण अपिलात गेले. परंतु बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करू नये, सदोष दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता यावी, हे आयोगाने सांगितलेले तत्त्व न्यायाला धरून आहे. व्यवहारात मात्र वाद टाळावयाचा असेल, तर हमीच्या काळात नियमित देखभाल अधिकृत केंद्रात करून प्रत्येक पावती जपून ठेवणेच इष्ट. एक हुकलेली सर्व्हिस पुढे मोठ्या दाव्याच्या आड येते.

हमी देणारा कोण, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. गाडी बनविणारी कंपनी, विक्रेता आणि एखादी त्रयस्थ संस्था यांच्या शब्दाचे वजन सारखे नसते. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबविली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. सेवा चालू ठेवण्याचे आश्वासन दोघांनीही दिले होते. तरीही ज्या कंपनीचे दालनच गावाजवळून उठते, तिच्या पाच वर्षांच्या शब्दाची किंमत ग्राहकाला नव्याने मोजावी लागते. उलट, भक्कम कंपनीची हमी गाडी विकताना नव्या मालकाच्या नावे करता येत असेल, तर गाडीला चार पैसे अधिक येतात. तो लाभही हिशेबात धरावा.

ग्राहक अगदीच निराधार आहे असे नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलात आहे. उत्तर गोव्याचा जिल्हा ग्राहक आयोग पर्वरीला आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावयाची असते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. स्वतः चालवून पोट भरणारा एका टॅक्सीचा मालकही या कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच ठरतो, ही गोष्ट आमच्या टॅक्सीवाल्यांपर्यंत पोहोचविली गेली पाहिजे.

परंतु तक्रार ही वरातीमागून घोडे ठरू नये. यासाठी आमच्या दोन मागण्या आहेत. गोव्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वाढीव हमीतील वगळलेल्या बाबींची यादी मराठीत व कोंकणीत, डोळ्यांना वाचता येईल अशा अक्षरांत, पैसे घेण्यापूर्वी ग्राहकाच्या हाती द्यावी. आणि हमीची रक्कम कर्जात मिळविताना तिच्यावरील व्याज वेगळे दाखविणे बंधनकारक करावे. ग्राहक व्यवहार खाते, पंचायती आणि टॅक्सी संघटना यांनी मनावर घेतले, तर हे अवघड नाही.

तोवर ग्राहकाने आपली घाई आवरावी. किल्ली घेण्याचा दिवस आनंदाचा असतो, आणि आनंदाच्या भरात केलेली सही पुढे हिशेबात नडते. हमीपत्र घरी आणावे, घरातील लिहित्यावाचत्या मुलीला किंवा मुलाला ते मोठ्याने वाचावयास सांगावे, त्यात गंजाविषयी काय लिहिले आहे ते पाहावे, आपले किलोमीटर मोजावेत आणि मगच ठरवावे. ज्याला गरज आहे त्याने मुदतीपूर्वी अवश्य घ्यावी. ज्याला नाही त्याने संकोच न करता नाही म्हणावे. विक्रेत्याच्या पुढ्यात नाही म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही.