कडा फक्त वरून बघू नका

हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्यावर तुम्ही कधी गेला आहात? गेला असाल तर मी केलं तेच तुम्हीही केलं असेल. पाचनईकडून धापा टाकत वर पोहोचायचं, बॅग फेकायची, पालथं पडून सरपटत कडेपर्यंत जायचं आणि मान पुढे काढून खाली बघायचं. पोटात गोळा येतो. खाली कोकणातली घरं काड्यापेटीएवढी दिसतात. मग फोटो, मग मॅगी, मग परतीची वाट.

घरी आल्यावर आजीला फोटो दाखवले. तिने चष्मा सारखा करून सगळे बघितले आणि म्हणाली, "अगं, यात कडा कुठेय? सगळीकडे तूच आहेस."

खरंच होतं ते. कडा माझ्या पायाखाली होता, तो मला दिसणार कसा? म्हणून पुढच्या वेळी मी उलट केलं. गडावर न जाता खालच्या बाजूला, ठाणे जिल्ह्यातल्या बेलपाड्याला गेले आणि समोर उभी राहिले. तुम्हालाही हेच सुचवेन. वरून दिसते ती दरी. कडा बघायचा तर समोरून किंवा खालून.

समोरून पहिल्यांदा लक्षात येतात त्या आडव्या रेषा. वहीची पानं एकावर एक ठेवावीत तसे थर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. एक थर पसरला, थंड झाला, त्यावर पुढचा. दोन थरांच्या मध्ये जास्त काळ गेला तर तिथे लालसर मातीचा पट्टा तयार झाला, तोही काही ठिकाणी दिसतो. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो तो हाच बेसॉल्ट. भूगोलाच्या पुस्तकात 'दख्खन ट्रॅप' वाचलं होतं ना? त्यातला 'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे. तो जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आलाय. (शाळेत हे कोणी सांगितलं असतं तर लक्षात तरी राहिलं असतं!)

पुढे भारताचा पश्चिमेकडचा भाग तुटून वेगळा झाला आणि समुद्र आत आला. या तुटलेल्या कडेला पाऊस कोट्यवधी वर्षं कुरतडत राहिला. भेगांत पाणी शिरतं, मऊ थर आधी झिजतो, वरचा दगड आधार गेल्यावर कोसळतो. असा हा कडा हळूहळू पूर्वेकडे मागे सरकत आलाय आणि अजूनही सरकतोय. तेव्हा पावसाळ्यात अगदी टोकावर उभं राहून रील काढणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की ज्या दगडावर आपण उभे आहोत तोही कधीतरी जाणारच आहे.

आता रेषांवरून नजर हटवून भिंतीकडे बघा. ती रिकामी नसते. फटींमध्ये पाकोळ्यांची ये-जा चालू असते. एखाद्या कपारीत बहिरी ससाणा बसलेला असतो. सूर मारताना तो ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. ओणव्या खडकाखाली आग्या मोहोळं लटकतात. कड्याजवळ धूर, आरडाओरडा, उग्र परफ्यूम नको, असं जाणकार ट्रेकर सांगतात ते यांच्यासाठीच. चिडलेल्या माश्यांपासून पळायला कड्यावर जागाच नसते.

झाडंसुद्धा कड्याचा आसरा घेतात. शिंदळ माकुडी नावाची एक छोटी, मांसल खोडाची वनस्पती आहे. जगात ती फक्त आपल्या पश्चिम घाटात, जुन्नर-पुरंदरसारख्या भागातल्या कड्यांवर सापडते. पावसाळ्यात तिला पिवळ्या ठिपक्यांची, तांबूस चांदणीसारखी फुलं येतात. शेळ्यांचं तोंड आणि वणवा जिथे पोहोचत नाही, तिथे ती टिकून राहिली.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते मात्र गिधाडाबद्दल. नाक मुरडू नका!

लांब चोचीचं गिधाड घरटं बांधायला कडाच निवडतं. कारण साधं आहे. पक्षी वजनदार. जमिनीवरून उडायला त्याला कष्ट पडतात. कपारीतून नुसती उडी टाकली की ऊन लागून तापलेल्या खडकावरची वर चढणारी हवा त्याला उचलून नेते. बिबट्या, कोल्हा, माणूस, कोणीच तिथे पोहोचू शकत नाही. वर्षाला एकच अंडं, एकच पिल्लू. इतकी सुरक्षित जागा असताना १९९० नंतरच्या साधारण पंधरा वर्षांत ही गिधाडं ९५ टक्क्यांहून जास्त संपली.

कारण कड्यावर नव्हतंच. ते खाली गोठ्यात होतं. दुखणाऱ्या गाई-म्हशींना डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं जायचं. तसं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. एका जनावरावर अख्खा थवा जेवतो, त्यामुळे थोडी जनावरंही पुरेशी ठरली. २००४ मध्ये संशोधकांनी हे सिद्ध केलं, २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जाऊ लागल्या, त्याही २०१५ मध्ये बंद कराव्या लागल्या. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकही बंद झालं.

बेलपाड्यात ज्यांच्याकडे जेवले ते मामा म्हणाले, "आम्ही लहान होतो तेव्हा ढोर टाकलं की आभाळ भरून यायचं. आता नुसती कुत्री येतात." आणि त्यांनी पानात अजून एक भाकरी वाढली.

तुमच्या गावी घरची जनावरं असतील तर एक फोन कराल? जनावराला दुखण्यावर औषध लागलं तर पशुवैद्यांना मेलॉक्सिकॅम द्यायला सांगा, एवढंच. ते गिधाडांना चालतं. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये पेंच आणि ताडोब्यात आणली गेली. पण बाहेरचं अन्न विषारी असेल तर त्यांना सोडून काय उपयोग?

दुसरं काम आपल्या ट्रेकिंगवाल्यांचं. गिधाडांची वीण हिवाळ्यात असते, आणि आपला सीझनही तोच. ड्रोन, फटाके, स्पीकर घरी ठेवा. घाबरून उडालेल्या पक्ष्याचं ते एकुलतं एक अंडं उघडं पडतं.

महाराष्ट्राबाहेर राहत असाल तरी हे सगळं तुमच्यापासून लांब नाही. बंगळुरूहून म्हैसूरला जाताना रामनगर लागतं. 'शोले'मधले ते खडक इथलेच. त्यातली रामदेवर बेट्टा ही टेकडी २०१२ पासून गिधाडांचं अभयारण्य आहे. मध्य प्रदेशात पन्नाच्या घळींमध्ये गिधाडं आहेत. आणि ओरछाला गेलात तर बेतवेकाठच्या राजांच्या छत्र्या बघालच. त्या उंच दगडी बांधकामांनाच गिधाडांनी कडा मानलंय. गाईड राजांच्या गोष्टी सांगत असेल तेव्हा जरा वर बघा. दगडावर पांढरे ओघळ दिसले की त्यांच्या वरच्या कोनाड्यात कोणीतरी राहतंय असं समजा.