रुळांखालच्या खडीचं उत्तर एका ओळीत मावत नाही

मागच्या महिन्यात आमच्या सहावीच्या सामान्य ज्ञान सराव चाचणीत एक प्रश्न होता. 'रेल्वे रुळांखाली खडी का टाकतात?' चार पर्याय, आणि बरोबर उत्तर 'रूळ हलू नयेत म्हणून'. जवळपास सगळ्या वर्गाने ते बरोबर सोडवलं. एका मुलाने मात्र जागा कोरी ठेवली. त्याचे वडील रेल्वेत ट्रॅकमन आहेत, म्हणून मी म्हटलं, "अरे, तुला तर हे यायलाच हवं होतं." तर म्हणाला, "सर, पण रूळ हलतात की. बाबा रोज तेच नीट करायला जातात."

मी त्याला गुण दिला. उत्तरपत्रिकेत काही नव्हतं, तरी दिला.

माझं मत स्पष्ट सांगतो. हा प्रश्न आपण चुकीचा विचारतो. खडी का टाकतात हे विचारण्यापेक्षा ती सुटी का ठेवतात, सिमेंट ओतून घट्ट का करत नाहीत, हे विचारायला हवं. मग मुलं खरोखर विचार करायला लागतात.

आधी वजनाचं बघू. मालगाडीच्या मोठ्या इंजिनाच्या एका आसावर बावीस टनांच्या आसपास भार असतो, म्हणजे एका चाकावर अकरा टन. चाक रुळाला टेकतं ती जागा जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी! एवढा भार थेट मातीवर आला तर रूळ चिखलात रुततील. म्हणून तो पसरवत न्यायचा. रूळ तो शेजारच्या काही स्लीपरांवर वाटतो, पावणेतीन मीटर लांबीचा स्लीपर तो खडीवर वाटतो आणि साधारण ३० सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर तो आणखी पसरवून मातीपर्यंत पोचवतो. आमच्याकडे काळी माती. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्याच्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. त्यामुळे वरचं पाणी खडीतून लगेच निथळून बाजूला जायलाच हवं. काँक्रीट घट्ट असतं, पण त्यातून पाणी असं निथळत नाही आणि खालची माती खचली की त्याला तडे जातात. सुट्या खडीचं तसं नाही. स्लीपर खाली बसला तर रूळ थोडे उचलायचे, खाली खडी ठोकून भरायची, गाड्या पुन्हा सुरू.

मुंबई मेट्रोच्या उन्नत मार्गावर खडी नाही, रूळ काँक्रीटवरच बसवलेत, हे एखादा चौकस विद्यार्थी सांगेलच. बरोबर आहे. तिथे खाली पूल आहे, माती नाही. शिवाय तसा मार्ग बांधायला महाग पडतो. जिथे शोभतं तिथेच ते करतात.

आता दगड कुठला, तर कठीण आणि फोडलेला. नदीतला गोटा चालत नाही. हे वर्गात दाखवायला पाच मिनिटं लागतात. एका ताटात गोट्यांचा ढीग करा, दुसऱ्यात बांधकामावरची फोडलेली खडी घ्या, दोन्हींवर एकेक पट्टी ठेवून बाजूने ढकला. गोट्या घरंगळतात, खडीचे कोपरे एकमेकांत अडकून बसतात. आपल्या नशिबाने सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, भरपूर आहे. कोकणातला जांभा घर बांधायला उत्तम, पण या कामाला तो मऊ पडतो, पाणी पितो आणि भुगा होतो. मापही ठरलेलं असतं. बहुतेक दगड २० ते ६५ मिलिमीटरच्या दरम्यानचे. बारीक चुरा जास्त झाला की पाणी तुंबलंच.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा मात्र उष्णतेचा आहे, कारण इथे आपण शिक्षक मंडळीच जुनं शिकवतोय. प्रसरणाचा धडा आला की आपण फळ्यावर दोन रूळ काढतो, मध्ये फट ठेवतो आणि 'उन्हाळ्यात रूळ वाढतात म्हणून ही जागा' असं सांगतो. जुन्या मार्गांवर तसं होतं, गाडीची ती खडक-खडक त्या सांध्यांचीच. आज मुख्य मार्गांवर रूळ एकमेकांना जोडून लांबच लांब अखंड केलेले असतात. गणित मुलांकडूनच करून घ्या. एक किलोमीटर पोलादी रूळ ३० अंशांनी तापला तर ०.००००११५ गुणिले १००० गुणिले ३०, म्हणजे साधारण ३४ सेंटिमीटर वाढायला हवा. मग तो वाढतो कुठे? वाढतच नाही. स्लीपरच्या मधली आणि दोन्ही टोकांची खडी त्याला जागच्या जागी दाबून धरते, आणि मीटरला ६० किलो वजनाच्या एकेका रुळात पन्नास टनांहून जास्त दाब साठून राहतो. खडी कमी पडली किंवा सैल झाली, तर हाच दाब रुळाला बाजूला ढकलून नागमोडी करतो. म्हणूनच रूळ फार तापलेले असताना खडी उकरायला बंदी असते आणि उन्हाळ्यात दुपारच्या वेळी खास गस्त घालतात.

ही गस्त घालणारी माणसं आपल्या एकाही प्रश्नपत्रिकेत नाहीत. आता खडी ठोकायला आणि चाळायला मोठी यंत्रं आली आहेत हे खरं, पण सगळीकडे आणि रोज यंत्र येत नाही. खांद्यावर हातोडा टाकून आपला टप्पा रोज पायी तपासणारा चावीवाला आहे. धो-धो पावसात रात्री बॅटरी घेऊन भराव खचला का, खडी वाहून गेली का हे बघणारा गस्तवाला आहे. समोरच्या रुळावरून गाडी येत असताना फावडं घेऊन बाजूला होणारी टोळी आहे. प्रत्येक गाडी खडीला थोडी हलवून जाते आणि ही माणसं ती पुन्हा बसवतात. 'रूळ हलू नयेत म्हणून' या उत्तरात त्यांना जागाच नाही, म्हणून ते मला खटकतं.

आणखी एक गोष्ट, थोडी अवघड. आमची शाळा रुळांपासून फार लांब नाही. पोरं खडीतले दगड उचलतात, मारतात, एखादा रुळावर ठेवून गंमत बघतात. प्रवाशांचा जीव धोक्यात येईल असं कृत्य जाणूनबुजून केल्यास रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५३ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोरांची प्रकरणं बाल न्याय मंडळापुढे जातात हा भाग वेगळा. हे परिपाठात सांगून झालं होतं, फारसा उपयोग झाला नाही. गणित केल्यावर मात्र एक जण हळूच दप्तरातून दगड काढून माझ्या टेबलावर ठेवून गेला.

तो परत टाकायचा तर रुळावर जावं लागेल, आणि तेही नियमात बसत नाही. त्यामुळे सध्या तो हजेरीपटावर आहे, पंख्याने पानं उडत नाहीत.

त्या मुलाच्या वडिलांना मी वर्गात बोलवलंय. साप्ताहिक सुट्टी शाळेच्या दिवशी आली तर येतो म्हणालेत, बीटर कसा मारतात ते दाखवणार आहेत. मुलांनी सतरा प्रश्न काढून ठेवलेत. पहिला आहे, "रात्री भीती वाटते का?"