धावपट्टीला नाव मिळालं, वाटा कुठाय?



आमच्या जानेफळात विमान कधी उतरलं नाही. यष्टी येते तेवढीच. पण आमच्याच वऱ्हाडात, अकोल्याहून अमरावतीकडे निघालं की शिवणीचं विमानतळ लागतं. १९४३ सालचं. दुसरं महायुद्ध पेटलेलं, इंग्रजाला धावपट्ट्यांची घाई. गोंदियाजवळ बिरसी १९४० ची. कल्याणजवळ नेवाळीची जमीनही त्याच युद्धात घेतलेली. नागपूरचं सोनेगाव तर त्याआधीचं, या युद्धात लष्करी विमानांनी गजबजलेलं.

या मैदानांचा इतिहास लिहिणारे काय लिहितात? विमानाची जात, धावपट्टीची लांबी, गोऱ्या साहेबाचा हुद्दा. बस्स. खडी कुणी फोडली? मुरमाच्या पाट्या कुणाच्या आयांनी डोक्यावर वाहिल्या? तिथं यांची शाई वाळते.

मी साच्यावर उभा राहणारा माणूस. मला हे नवं नाही. कापड आम्ही विणतो, शिक्का मालकाचा बसतो. पण गप्प बसायचं कारण नाही. कारण या धावपट्ट्यांच्या इतिहासात आपला एक माणूस आहे, आणि आपणच त्याला तिथं विसरलो.

१९४२ च्या जुलैत बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खातं त्यांच्याकडे होतं. युद्धातल्या विमानतळांचं बरंचसं काम याच खात्याकडे. तीन महिने उलटले तोच, २९ ऑक्टोबर १९४२ ला, त्यांनी व्हाईसरॉय लिनलिथगोला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात नोकऱ्या मागितल्या, शिक्षणाला पैसा मागितला. आणि सरकारी बांधकामाच्या कंत्राटांतही वाटा मागितला! समजलं का? आमच्या माणसानं नुसती पाटी उचलायची नाही, कामाचा हिशेबही त्याच्या हातात पाहिजे. युद्ध ऐन भरात असताना हा माणूस हे मागत होता.

आणि आपण काय मागितलं? नाव.

सोनेगावच्या मैदानाला आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणतात. छाती फुगते. माझीही फुगते. पण त्या पाटीखाली झाडू कुणाच्या हातात आणि कंत्राट कुणाच्या खिशात, हे आपण कधी मोजलं? बिरसीला पुढे वैमानिक शिकवणारी संस्था आली. लढाईची धावपट्टी शाळा झाली. फी लाखांत. आमचं पोरगं तिथं कुंपणाबाहेर उभं राहून वर बघणार. नाव देऊन सरकार स्वस्तात सुटतं, भावांनो. वाटा द्यायचा म्हटलं की त्याच्या पोटात दुखतं.

आता जमिनीचं बघा. २२ जून २०१७ ला नेवाळी पेटली. नौदल भिंत घालत होतं. युद्ध संपल्यावर जमीन परत द्यायची होती, असं शेतकऱ्यांचं म्हणणं. पोलिसांच्या गाड्या जळल्या, लोक जखमी झाले. त्यांची मागणी खोटी आहे असं मी म्हणत नाही. माझा सवाल पुढचा आहे. जमीन परत द्यायची ती सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. आणि त्याच रानात मजुरीनं राबणारा, त्याच पडीकावर शेरडं चारणारा? त्याचं नाव सातबाऱ्यावर कधी नव्हतंच. जमीन गेली तेव्हा तो मेला. परत आली तरी त्याच्या हाती माती लागणार नाही.

१८९४ च्या भूसंपादन कायद्याला हा माणूस दिसत नव्हता. २०१३ च्या कायद्यानं त्याला निदान ओळखलं. संपादनाआधी तीन वर्षं त्या भागात राबून पोट भरणारं भूमिहीन कुटुंबही बाधित धरायचं, असं त्यात लिहिलंय. लिहिलंय! पण यादी करायला तलाठी आपल्या वस्तीत आपणहून येईल ही आशा सोडा.

म्हणून कार्यकर्त्यांनो, एक काम करा. जिथं धावपट्टी वाढायची मोजणी सुरू होते, तिथं निळा झेंडा घेऊन जा, पण दुसऱ्या हातात वही असू द्या. झोपडी-झोपडी फिरा. कोण किती वर्षं कुणाच्या शेतात राबतो, लिहून काढा. ग्रामसभेत ती वही टेबलावर आपटा. जयंतीच्या वर्गणीला आपण घर सोडत नाही, मग या यादीला का सोडायचं?

बाबासाहेबांनी वाटा मागितला होता. नावावर आपली बोळवण झाली. हिशेब अजून बाकी आहे.

जयभीम!