परिवीक्षा अहवाल वेळेत आणि प्रत्यक्ष चौकशीनंतरच सादर व्हावेत, यासाठी निवेदन

प्रति,
माननीय सचिव महोदय,
परिवीक्षा यंत्रणेचे नियंत्रण असलेला विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : शिक्षेच्या सुनावणीसाठी लागणारे परिवीक्षा अधिकाऱ्यांचे अहवाल प्रलंबित राहत असल्याबाबत.
संदर्भ : यापूर्वीची निवेदने, स्मरणपत्रे व बैठकीत मिळालेली आश्वासने.

महोदय,

विधी साहाय्याची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलांच्या निवेदक संघटनेतर्फे सविनय सादर करण्यात येते की, 1958 चा अपराधी परिवीक्षा अधिनियम काय सांगतो हे विभागाला नव्याने सांगण्याचे कारण नाही. तथापि त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचे अलीकडचे निर्णय विभागापर्यंत पोहोचले असावेत, असे कारभारावरून दिसत नाही. चेल्लम्मल प्रकरणात एप्रिल 2025 मध्ये न्यायालयाने असे ठरवले की, कलम 4 लागू होण्याजोगी परिस्थिती असेल तेथे परिवीक्षेचा, म्हणजे दोषी ठरलेल्या व्यक्तीस लगेच शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचा, विचारच टाळण्याची मोकळीक न्यायालयाला नाही. आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल घेऊन हा विचार करण्यासाठी प्रकरण मद्रास उच्च न्यायालयाकडे परत पाठवले. त्यापूर्वी 2021 मध्ये लखवीर सिंग प्रकरणात, भारतीय दंड संहितेच्या कलम 397 मधील किमान सात वर्षांच्या शिक्षेची तरतूदही या लाभाच्या आड येत नाही, असे स्पष्ट झाले होते. सरसकट सवलत कोणी मागत नाही. बेदरकार वाहन चालवून मृत्यूस कारण ठरलेल्यास ती देऊ नये, हा 2000 मधील दलबीर सिंग निर्णयाचा रोख संघटनेला मान्य आहे. प्रश्न अहवालाचा आहे, कारण तो न्यायालयावर बंधनकारक नसला तरी मागवणे आवश्यक असल्याचे 2005 मध्येच सांगितले गेले आहे.

प्रत्यक्षात, वयाची एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या आणि पहिल्याच गुन्ह्यात दोषी ठरलेल्या मजुराच्या मुलाच्या प्रकरणातही रोजनाम्यावर तारखेमागून तारीख ‘अहवाल अप्राप्त’ एवढाच शेरा पडत राहतो. अखेरीस येतो तो छापील नमुना, ज्यात ‘वर्तणूक समाधानकारक असल्याचे समजते’ या एका वाक्यापलीकडे काही नसते. कोणाकडून समजले, घरी कोण गेले होते, आईवडील काय करतात, पूर्वीचा मालक त्याला पुन्हा कामावर घेईल काय, यांपैकी कशाचाही उल्लेख नसतो. एका अहवालात तर गावाचे नावच दुसऱ्या तालुक्यातले होते, म्हणजे तो कोणत्या प्रकरणावरून उतरवला गेला हे शोधण्याची वेळ न्यायालयावर आली. अशा कागदावर विसंबण्यास न्यायाधीश तयार होत नाहीत, यात त्यांचा दोष नाही. मुलाची रवानगी मात्र कारागृहात होते.

अपील न्यायालयासही परिवीक्षा देण्याचा अधिकार आहे, असे उत्तर विभागाने यापूर्वी दिले होते. ते खरे आहे. परंतु अपील न्यायालयही अहवालच मागते, ते पत्र त्याच कार्यालयातील त्याच रिकाम्या खुर्चीपुढे जाऊन पडते, आणि तोवर अल्प मुदतीची शिक्षा भोगूनही झालेली असते. रिक्त पदे ‘अधिवेशनानंतर’ भरण्याचे आश्वासन मिळाले, अधिवेशन उलटले; मग आकृतिबंधाला, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्याला, मान्यता मिळण्याची वाट पाहण्यास सांगण्यात आले. बालकांच्या प्रकरणांचे काम सांभाळून अतिरिक्त कार्यभारावर असलेला अधिकारी दूरच्या वाडीवर केव्हा जाणार, आणि स्वखर्चाने किती वेळा जाणार, याचे उत्तर आजवर मिळालेले नाही.

सबब, न्यायालयाचे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत, प्रत्यक्ष गृहभेटीची तारीख व भेटलेल्या व्यक्तींची नावे नमूद केलेला अहवाल सादर करण्याचे लेखी आदेश निघावेत, विलंब झाल्यास त्याचे कारण अधिकाऱ्याने न्यायालयास कळवावे, रिक्त पदे भरण्याची तारीख जाहीर व्हावी आणि प्रवासाची देयके वेळेवर अदा व्हावीत, अशी मागणी आहे. परिवीक्षेवर सुटलेल्यांना कलम 12 अन्वये दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून मिळणाऱ्या संरक्षणाची माहिती मराठीत द्यावी. भारतीय न्याय संहितेतील सामुदायिक सेवेच्या शिक्षेवर देखरेख कोणी करावयाची, तेही कळवावे.

या वेळी तोंडी आश्वासन स्वीकारले जाणार नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास या निवेदनाची व मागील सर्व निवेदनांची पोच जोडून उच्च न्यायालयात याचिका दाखल करण्यात येईल, याची नोंद घ्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
निवेदक संघटनेच्या कार्यकारिणीकरिता
चिटणीस