बिननावाचा माल



इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो. त्या बुटाची टाच म्हणजे पुलिया. तिथल्या मांदुरिया गावाभोवती प्रिमितिवो नावाच्या काळ्या द्राक्षाची वाइन होते. तो मुलूख मी फिरून आलो. लोक विचारतात, कापूस-ज्वारीवाल्याला त्या दारूशी काय करायचे? माझे उत्तर असे, की तो मुलूखही आपल्यासारखाच कोरडवाहू आहे.

नदी नावाला. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा ठणठणीत. वर तांबडी माती, खाली चुनखडी. पिण्याचे पाणीसुद्धा डोंगरापलीकडच्या सेले नदीच्या उगमावरून आणावे लागले. ते काम 1906 साली सुरू झाले, बारी शहरात पाणी पोचले 1915 साली.

अशा जमिनीत तिथल्या शेतकऱ्याने वेल कशी जगवली? मांडव नाही, तार नाही. छाटून छाटून वेल कमरेखाली, झुडपासारखी राखायची. तिची सावली तिच्याच बुंध्यावर पडते. ओलिताशिवाय ती वर्षानुवर्षे उभी राहते. माल थोडा, पण गोडी दाट.

एवढा गुण असून शेतकरी मात्र कफल्लक. कारण वाइन टँकर भरून उत्तरेकडे जायची, तिकडच्या फिक्या वाइनला रंग आणि जोर आणायला. बाटलीवर नाव तिकडचे, नफाही तिकडचा. 1974 साली 'प्रिमितिवो दी मांदुरिया' या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. तरी टँकर चालूच राहिले. पुढे युरोपात वाइन उदंड झाली. तेव्हा 1988 पासून युरोपीय समुदायाने वेली उपटणाऱ्याला रोख पैसे देऊ केले. माल थोडा आणि यंत्र चालत नाही, म्हणून पुलियातल्या कितीतरी जुन्या झुडपी वेलींवर कुऱ्हाड पडली.

आणि 1994 साली जनुकीय तपासणीत सिद्ध झाले, की अमेरिकेत मिरवणारे झिनफँडेल आणि पुलियाचे प्रिमितिवो ही एकच जात! माल तोच होता. उणे होते ते नाव.

आज त्याच उरल्यासुरल्या म्हाताऱ्या वेली पाहायला परदेशातून लोक येतात. काल ज्या उपटायला पैसे मिळत होते, त्या आज दाखवायला पैसे मिळतात. मांदुरियात उत्पादकांची 1932 सालची सहकारी संस्था आहे. ती आपल्याच वाइनघरात जुनी अवजारे मांडून पाहुण्यांना दाखवते, आणि बाटली आपल्या गावाच्या नावाने विकते.

पुढे अल्बेरोबेल्लोला गेलो. तिथे त्रुल्ली नावाची घरे आहेत. दगडावर दगड, चुना नाही, वर शंकूसारखे छप्पर. सांगतात असे, की नवी वस्ती झाली म्हणजे राजाला कर द्यावा लागे, म्हणून तपासनीस आला की झटपट पाडता येईल असेच घर बांधायचे. 1996 पासून ती घरे जागतिक वारसा आहेत. कर चुकवणाऱ्या गरिबांची अक्कल आज जग पैसे मोजून बघते!

पण दिपून जाऊ नका. 2015 साली याच पुलियात, आंद्रियाच्या द्राक्षबागेत, एक मजूर बाई भर उन्हाळ्यात काम करताना मेली. त्यानंतर 2016 साली मजुरांना लुबाडणाऱ्या मुकादमीविरुद्ध कडक कायदा झाला. गावाचे नाव झाले म्हणजे घाम गाळणाऱ्याला दाम मिळालेच, असे नाही. इटलीच्या 1985 च्या कायद्यात एक गोष्ट मात्र मला पटली: शेतावर पाहुणे ठेवायचे तर ठेवणारा शेतकरीच हवा, आणि ते काम शेतीला जोडूनच हवे. नाहीतर बाहेरचा पैसेवाला येतो आणि शेतकरी त्याचा वाढपी होतो.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद आहे. पण मांदुरियाचा धडा विसरू नका. नावाचा कागद 1974 सालीच हाती होता, दैन्य हटले नाही. टँकर थांबला, बाटली गावात भरली गेली, तेव्हा कुठे त्या नावाला किंमत आली. आपली ज्वारी पोत्यात आणि कपाशी गाठीत बांधून बिननावाने गावाबाहेर जाते, तोवर मानांकनाचा कागद भिंतीवर टांगायच्या कामाचा. पुढच्या बैठकीत चर्चा व्हावी ती यावर: आपल्या मालाची बाटली कोणती, आणि ती भरणार कोण?