दर बदलला, पण बेरीज बदलली का?

२२ सप्टेंबर २०२५, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून, तयार कपड्यांवरील जीएसटीचे दर बदलले. पूर्वी नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यावर १२ टक्के कर होता. आता २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे एकदम १८ टक्के आहे. १८०० रुपयांच्या कुर्त्यावर पूर्वी २१६ रुपये कर पडत असे, आता ९० पडतो. ३००० च्या सूटवर ३६० पडत, आता ५४०. आमच्या बीड जिल्ह्यात हे ऐन हंगामात आले. दसरा तोंडावर होता, आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघण्याआधी त्यांची कापडखरेदी आटोपायची असते.

आजकाल लहान दुकानातही भावाचे पत्रक संगणकावर, एक्सेलमध्ये असते. अशाच एका दुकानात मालकांच्या चिरंजीवांनी दराच्या चौकटीत १२ चे ५ केले आणि निश्चिंत झाले. शेजारच्या रकान्यातील कराची रक्कम मात्र जागची हलली नाही. गिऱ्हाइकाने विचारले तेव्हा उघडकीस आले. कोणी म्हणाले, संगणक बिघडला. संगणक बिघडला नव्हता. त्याला "सांगितल्याशिवाय हिशेब करू नकोस" असा हुकूम होता आणि तो इमानाने पाळत होता.

वास्तविक हे यंत्र जन्माला आले तेच बेरीज पुन्हा करण्याचा त्रास वाचावा म्हणून. अमेरिकेत हार्वर्डच्या वर्गात प्राध्यापक फळ्यावर हिशेबाचा तक्ता मांडत. एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून नव्याने लिहावे लागे. हे पाहून डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याला कल्पना सुचली आणि बॉब फ्रँकस्टनसोबत त्याने १९७९ साली व्हिजिकॅल्क बाजारात आणले. आजचे एक्सेल त्याच वंशातले आहे.

मग हुकूम बदलतो कसा? एक्सेलमध्ये 'फॉर्म्युलाज' या सदरात 'कॅल्क्युलेशन ऑप्शन्स' आहे. तिथे 'ऑटोमॅटिक' असेल तर आकडा बदलताच हिशेब होतो. 'मॅन्युअल' असेल तर एफ ९ हे बटण दाबेपर्यंत जुनाच आकडा दिसतो. खालच्या पट्टीवर 'कॅल्क्युलेट' हा शब्द येतो खरा, पण तिकडे पाहतो कोण? खरी मेख पुढे आहे. ही सोय एका फायलीपुरती नसते. सकाळी जी फाईल प्रथम उघडाल तिचा हुकूम त्यानंतर उघडलेल्या सर्व फायलींना लागू होतो आणि त्या साठवल्या की त्यांच्यातही उतरतो. एखाद्या ठोक व्यापाऱ्याने हजारो ओळींचे भावपत्रक पाठवले, त्याने ते जड झाले म्हणून मॅन्युअलवर ठेवले होते, ते तुम्ही सकाळी आधी उघडले, की तुमच्या उधारीच्या वहीलाही तोच आजार जडला! म्हणून बाहेरची फाईल उघडल्यावर हे सदर एकदा पाहून घ्यावे.

ऑटोमॅटिक असूनही बेरीज चुकत असेल तर दुसरे कारण शोधावे. व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या आकड्यामागे 'रु.' चिकटलेला असतो, किंवा आधी नकळत एक एकेरी अवतरणचिन्ह (') पडलेले असते. संगणक त्याला अक्षर समजतो आणि बेरजेत धरत नाही, तक्रारही करत नाही. असा आकडा बहुधा चौकटीच्या डाव्या कडेला चिकटून बसतो. खरी संख्या उजवीकडे असते.

काही जाणते म्हणतील, आम्ही टॅली वापरतो, आम्हाला याची गरज नाही. चांगली गोष्ट आहे. पण शिवणकाम, फर्निचर किंवा जरीकाम करणारा कारागीर टॅली घेत नाही. त्याचा कच्चा हिशेब अशाच पत्रकात असतो. आणि टॅलीवाल्यांचीही जकात बहुधा पत्रकातच मोजली जाते.

जकातीचेच पाहा. दुकानातील मालाची किंमत जकातीच्या दिवशीच्या बाजारभावाने धरावी, असे उलेमा सांगतात. गेल्या रमजानला माल ८,४०,००० चा होता तर अडीच टक्क्यांनी २१,००० निघाले. यंदा तागे तेवढेच, पण भाव चढून माल ९,००,००० चा झाला, तर २२,५०० निघायला हवेत. पत्रक झोपलेले असेल तर १,५०० रुपये गरिबाच्या हक्कातून जातात आणि देणाऱ्याला पत्ताही लागत नाही. निसाबाचेही तसेच. साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीचा भाव रोज बदलतो, म्हणून तो एका वेगळ्या चौकटीत लिहून बाकीचा हिशेब तिच्याशी जोडलेला बरा.

मात्र आपोआप बदलणाऱ्या हिशेबाला दुसरी बाजूही आहे, आणि ती आमच्या मते अधिक गंभीर आहे. सगळी बिले दराच्या एकाच चौकटीला जोडलेली असतील आणि तुम्ही १२ चे ५ केले, तर ऑगस्टमधील बिलेही ५ टक्क्यांची होऊन बसतील! गिऱ्हाइकाकडून १२ टक्के घेतलेले, कागदावर ५. कर म्हणून जे वसूल केले ते सरकारात भरावेच लागते, मग विवरणपत्राचा मेळ कसा बसणार? उधारीतही तसेच होईल. मे महिन्यात ठरलेल्या भावाने दिलेले कापड, नवा भाव टाकताच खातेदाराच्या नावावर महाग होऊन बसेल. सौदा ठरला, माल हाती पडला, की भाव ठरला. तो नंतर एकतर्फी बदलणे आपल्याकडे नाजायज आहे, मग ते संगणकाने का केले असेना. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे. लिहिलेले आपोआप बदलत असेल तर त्या लिहिण्याला अर्थ काय राहिला?

त्यामुळे भावपत्रक जिवंत ठेवावे, पण झालेले बिल गोठवावे. बिलाचे आकडे निवडून कॉपी करावेत आणि त्याच जागी 'पेस्ट व्हॅल्यूज' करावे. सूत्र जाते, संख्या राहते. नाहीतर प्रत्येक ओळीत त्या दिवसाचा दर वेगळा लिहावा आणि कर त्या ओळीतील दरावर काढावा. रोज दुकान वाढवताना पाच मिनिटे लागतात, आणि ती मालकाने स्वतः द्यावीत, पोरांवर सोडू नयेत. मार्चअखेर सल्लागाराकडे फाईल पाठवण्यापूर्वी एखादे जुने छापील बिल काढून पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहावे. फरक निघाला तर सप्टेंबर २०२५ च्या आधीची सगळीच बिले तपासायला घ्यावी लागतील.